बंद झालेल्या पदार्थांचा शोक

एखादा कवी, नट किंवा गवई निवर्तला म्हणजे त्याच्यामागे चार शब्द लिहिण्याची आपल्याकडील रीत जुनी आहे. अलीकडे मात्र एका वेगळ्याच प्रकारच्या मृत्युलेखांची गर्दी झालेली दिसते. अमक्या कंपनीच्या खाद्यगृहातून तमका पदार्थ नाहीसा झाला. तो पुन्हा मिळणार नाही. त्याच्याबरोबर आमचे कॉलेजचे दिवसही गेले, असा या लेखनाचा सूर असतो. लिहिणारे तरुण असतात, पण लिहिण्यात वार्धक्याची हळहळ असते. या लेखनाकडे वाङ्मयाचे जाणकार ढुंकूनही पाहत नाहीत. आम्हांस हे योग्य वाटत नाही. ज्या भावनेने हजारो माणसे एकाच वेळी व्याकूळ होतात, ती भावना खरी आहे की उसनी, तिच्यात रस आहे की केवळ रसाचा आभास, हे पाहणे टीकाकाराचे काम आहे. विषय चटणी-पावाचा आहे एवढ्यावरून ते टाळता येत नाही.

हा विचार आमच्या मनात आला तो बाजव्यास. बडोदे सोडून गाडी अहमदाबादच्या वाटेस लागली की पहिले स्थानक बाजव्याचे. १९६२ साली स्थापन झालेल्या गुजरात स्टेट फर्टिलायझर्सचा कारखाना आणि १९६५ साली सुरू झालेला कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना यांमुळे हा सारा परिसर पालटला. देशाच्या नाना भागांतून माणसे नोकरीनिमित्त येथे आली. त्यांत मराठी आणि कोंकणी कुटुंबेही आली आणि येथलीच होऊन गेली. अशाच एका घरी गेल्या भाद्रपदात गणपतीच्या आरतीस आम्ही गेलो होतो. प्रसाद झाल्यावर तरुण मंडळींचे बोलणे निघाले. बडोद्यातील एका मोठ्या कंपनीच्या खाद्यगृहात पूर्वी मिळणारा, पनीरच्या तळलेल्या वड्या पातळ पोळीत गुंडाळून दिलेला एक पदार्थ बंद झाला होता. परीक्षा संपल्याच्या दिवशी आपण तो कसा खात असू, पहिल्या पगारातून घरच्यांना तो कसा खाऊ घातला, हे त्या घरचा मुलगा सांगत होता. सांगताना त्याचा आवाज खरोखरच जड झाला होता.

कोपऱ्यात वाती वळीत बसलेल्या त्याच्या मावशीने हे सारे ऐकले. ती मूळची गोव्याची. तिने सहज विचारले, "तातूंत कितें घालतात रे? म्हाका सांग, हांव करून वाडटां."

मुलगा थांबला. पनीर असते, हे त्याने सांगितले. वरून कसलीशी तिखट-गोड चटणी असते, हेही सांगितले. ती कशाची, हे त्याला सांगता येईना. मग तो हसून म्हणाला, "मावशी, ते घरी होत नाही." मावशी पुन्हा वाती वळू लागली. मंडळी दुसऱ्या विषयाकडे वळली. आमच्या मनातून मात्र तो प्रश्न गेला नाही. ज्या पदार्थासाठी माणसाचा कंठ दाटून येतो, तो कशाचा केलेला आहे हेच त्याला ठाऊक नसावे, ही गोष्ट लहान नव्हे.

भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाचे स्वरूप समजावून देताना भोजनाचाच दृष्टांत घेतला आहे. नाना व्यंजने, औषधी आणि द्रव्ये यांच्या संयोगाने जसा रस निर्माण होतो आणि सुमनस्क माणूस जसा त्याचा आस्वाद घेतो, तसेच नाट्यातील भावांचे आहे. तेव्हा खाण्याच्या भावनेस काव्यशास्त्राची कसोटी लावण्यात आम्ही काही अतिप्रसंग करीत आहोत असे नाही. आता या शोकाचे आलंबन कोणते? वरवर पाहता तो पदार्थ. परंतु नीट पाहिले तर पदार्थ हा केवळ उद्दीपन आहे. आलंबन आहे ते गेलेले वय: परीक्षेनंतरची ती दुपार, खिशातला पहिला पगार, आता दूरदेशी गेलेले सोबती. तो पदार्थ उद्या पुन्हा ताटात आला तरी हे काही परत येणार नाही. मग करुणरसाची सामग्री येथे पुरी आहे, असे कोणी म्हणेल.

पण येथेच एक घोटाळा आहे. प्राचीनांनी करुण आणि विप्रलंभ यांत भेद केला तो आशेवरून. पुनर्भेटीची आशा समूळ तुटली की करुण. आशा शिल्लक असली की विप्रलंभ. कंपनीने बंद केलेल्या पदार्थाचा शोक हा बहुधा विप्रलंभ असतो, कारण कंपनीच्या मनात आले तर ती तो पदार्थ परत आणू शकते, आणि हे कंपनीस खाणाऱ्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक असते. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सने डुकराच्या मांसाचा 'मॅकरिब' नावाचा पदार्थ १९८१ साली काढला. पुढे तो बंद होई, पुन्हा येई, पुन्हा जाई. २००५ साली तर त्याचा जाहीर निरोपसमारंभ झाला आणि त्यानंतरही तो परत आला. कोकाकोलाने २३ एप्रिल १९८५ रोजी आपल्या पेयाची कृती बदलली. लोकांनी इतका आकांत केला की एकोणऐंशी दिवसांत जुने पेय परत आणावे लागले. हा बदल मुद्दाम लोकांना चाळविण्यासाठी केलेला नव्हता; परंतु त्यातून व्यापाऱ्यांच्या जगाने एक धडा घेतला, तो असा की, विरह हासुद्धा विकण्याजोगा माल आहे. आमच्या संतांनी विरहिणी लिहिल्या तेव्हा त्या विरहाचा लाभ कोणास होतो, हा प्रश्न उद्भवत नव्हता. या नव्या विरहिणी वाचताना तो प्रश्न पहिल्याने विचारावा लागतो.

आपल्याकडे या भावनेचा इतिहास फार जुना नाही. १९७७ साली कोकाकोला भारतातून गेले. त्या पोकळीत सरकारी मॉडर्न फूड इंडस्ट्रीजचे 'डबल सेव्हन' आले आणि काही वर्षांत विस्मृतीत गेले. त्याच वर्षी पार्लेचे 'थम्स अप' आले आणि टिकले. पार्लेचेच नारिंगी 'गोल्ड स्पॉट' त्यापूर्वीपासून होते. त्याच्या बुचाच्या आतली जंगलबुकातील चित्रे जमविणारी मुले आज आजोबा होण्याच्या वयास आली आहेत. १९९३ साली कोकाकोला परत आले आणि त्याने पार्लेची ही पेये विकत घेतली. 'थम्स अप' ठेवले गेले, 'गोल्ड स्पॉट' बाजारातून काढून घेण्यात आले. पेय लोकांना आवडेनासे झाले होते म्हणून ते गेले नाही. नव्या धन्याचे स्वतःचे नारिंगी पेय होते आणि एका घरात दोन सवती नकोत, एवढाच तो हिशेब. मग १९९५ साली बंगळुरात केंटकीची कोंबडी आली, १९९६ साली डॉमिनोज आणि पिझ्झा हट आले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात दिल्लीत व पाठोपाठ मुंबईत मॅकडोनाल्ड्स आले. गोमांस येथे चालणार नाही म्हणून 'महाराजा मॅक' बकऱ्याच्या मांसाचा केला गेला. पुढे तोही बदलला आणि कोंबडीचा झाला. पहिल्या 'महाराजा'ची चव आठवणारे लोक आजही भेटतात. एका नावाखाली पदार्थ बदलतो आणि नाव तसेच राहते, हाही बंद पडण्याचाच एक प्रकार आहे.

या दुकानांतून पदार्थ जातात ते का, हे समजून घेण्याजोगे आहे. तेथे स्वयंपाकघर असे नसतेच. शेवटच्या दोन-तीन मिनिटांची कामे करण्याची जागा तेवढी असते. बटाट्याच्या कापट्या उत्तर गुजरातेत महेसाण्याजवळच्या मॅक्केनच्या कारखान्यात तयार होऊन गोठलेल्या स्थितीत येतात. टिक्क्या तळोज्याच्या कारखान्यातून येतात. दुकानातला मुलगा त्या ठरलेल्या वेळेपुरत्या तळतो आणि ठरलेल्या क्रमाने रचतो. फलकावरील प्रत्येक पदार्थामागे एक निराळा साठा, एक निराळी चटणी आणि हाताच्या दोन निराळ्या हालचाली असतात. जो पदार्थ पुरेसा खपत नाही, तो इतरांचा वेळ खातो म्हणून काढला जातो. यात दुष्टावा नाही. यंत्राचा तो धर्मच आहे. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो महागले तेव्हा उत्तर व पूर्व भारतातील पुष्कळ दुकानांतून मॅकडोनाल्ड्सने आपल्या पदार्थांतला टोमॅटोच काढून टाकला. आपल्या घरीही त्या महिन्यात टोमॅटो कमी झाले, पण घरच्या बाईने त्याऐवजी चिंच, आमसूल घातले आणि सार केले. दुकानातल्या मुलास असे काही करण्याची मुभा नाही. कृती त्याची नव्हे, त्याच्या वरिष्ठाचीही नव्हे. ती दूर कोठे तरी कुलपात आहे.

ही कुलपातली कृती किती महाग पडू शकते, याचा एक अनुभव आपल्या समाजाच्या वाचकांनी विसरू नये. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सच्या बटाट्याच्या कापट्या पूर्वी मुख्यतः गाईच्या चरबीत तळीत. १९९० साली कंपनीने वनस्पतितेल वापरणार असल्याचे जाहीर केले. तिकडील आपल्या अनेक शाकाहारी कुटुंबांनी निःशंकपणे त्या खाण्यास आरंभ केला. तेल बदलले होते, पण चवीसाठी त्यात गोमांसापासून काढलेला अंश राहिला होता. २००१ साली हे उघडकीस आले, सिॲटलच्या एका वकिलाने हिंदू व इतर शाकाहारी लोकांच्या वतीने दावा लावला आणि २००२ साली कंपनीने क्षमा मागून एक कोट डॉलर देण्याचे मान्य केले. त्यांतील साठ लक्ष डॉलर शाकाहाराचा प्रचार करणाऱ्या संस्थांस मिळावयाचे होते. भारतातल्या कापट्यांत तसे काही नसते, हे कंपनीने त्याच वेळी स्पष्ट केले, आणि तो विश्वास ठेवण्यास आम्ही तयार आहोत. मुद्दा निराळा आहे. चरबीत तळलेल्या त्या जुन्या कापट्यांची चव आताच्यांस नाही, असे म्हणून तिकडे आजही लोक हळहळतात. ज्या चवीची आठवण काढायची ती कशापासून उद्भवली होती, हे खाणाऱ्यास न्यायालयातून कळावे, हा कोणत्या रसाचा विषय आहे ते आम्हांस सांगता येत नाही.

याच्या उलट उदाहरण बडोद्याच्या रस्त्यावर उभे आहे. सेव-उसळ हा आज बडोद्याचा मानबिंदू आहे. ती मराठ्यांबरोबर येथे आली, असे बडोद्यात मानतात, आणि उसळ हे नावच तिचे कूळ सांगते. पण पुण्याच्या मटकीच्या जागी येथे पांढरा वाटाणा आला, तर्री तशीच राहिली, वर सेव आली, कांद्याची पात आली, बरोबर पाव आला. कोणी केला हा बदल? कोणीच नाही आणि सर्वांनी. उद्या बडोद्यातील सर्वांत नामांकित सेव-उसळवाल्याने दुकान मिटले तरी सेव-उसळ बंद पडणार नाही. मुंबईच्या वडापावाचे तेच. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी तो प्रथम विकला असे सांगतात. २००१ साली मालाडमध्ये 'जंबोकिंग'ने त्याला कंपनीचे नाव आणि कागदाचे वेष्टन दिले. त्या नावाने मिळणारा एखादा वडा उद्या फलकावरून पुसला गेला, तरी दादरच्या कढईतले तेल थंड होणार नाही. माटुंग्यास ए. रामा नायक यांनी १९४२ साली काढलेले उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग पाहा. तेथे केळीच्या पानावर जे पडते ते आपल्याच समाजाच्या घराघरांत शिजत आलेले आहे. असल्या घरच्या वळणाच्या खाणावळीतला आचारी नोकरी सोडून गेला तर कृती हातात घेऊन जातो आणि दुसऱ्या गावी तीच खाणावळ काढतो. हातातली कृती आणि कुलपातली कृती हा खरा भेद आहे. देशी-परदेशी हा नव्हे.

आपल्या वाङ्मयातही हा भेद दिसतो. पु. ल. देशपांडे यांचा 'माझे खाद्यजीवन' हा लेख १९६८ च्या 'हसवणूक' या संग्रहात आहे. दुर्गाबाई भागवतांनी 'खमंग' लिहिले. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० साली आली आणि सासरी गेलेल्या किती मुलींच्या ट्रंकेतून परगावी गेली त्याची गणती नाही. यांतले कोणतेही पान वाचून झाल्यावर वाचक स्वयंपाकघराकडे तरी वळतो किंवा चप्पल घालून बाहेर तरी पडतो. ते स्मरण क्रियेस प्रवृत्त करते. बंद पदार्थांवरील नव्या लेखनात वाचकास करण्याजोगे काही उरत नाही. पदार्थाचे नाव, त्याची किंमत, वेष्टनाचा रंग आणि आपण तेव्हा कितवीत होतो, एवढी यादी होते. चवीचे वर्णन बहुधा 'अप्रतिम' या एका शब्दात आटोपते. याला लेखकाची अशक्ती म्हणून सोडून देता येत नाही. जो पदार्थ शिजताना कधी कोणी पाहिलाच नाही, ज्याची फोडणी कानांनी ऐकली नाही, त्याचे वर्णन कोठून येणार?

येथवर वाचून कोणी म्हणेल, की घरचे आणि देवळातले ते सारे चांगले आणि बाजारातले ते सारे वाईट, हा नेहमीचाच उपदेश झाला. तसे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. आपल्या पंगतींच्या रुचकर आठवणी आपण काढतो, तेव्हा त्या पंगतीत कोणाला बसता येत नसे याची आठवण काढीत नाही. देवळाच्या अग्रशाळेत निराळी पाने आणि निराळ्या ओळी होत्या. कित्येकांना तर पायरीच वर्ज्य होती. या नव्या दुकानात पैसे मोजले की कोणीही कोणाच्याही शेजारी बसतो, आडनाव कोणी विचारीत नाही. ज्यांच्या वडिलांना गावच्या हॉटेलात कपबशी निराळी मिळे, त्यांच्या मुलांना त्या चकचकीत बाकावर पहिल्यांदा बरोबरीने बसल्याची आठवण गोड वाटली तर ती हसण्यावारी नेण्याचे धाडस आम्ही करणार नाही. आणि ज्या घरी वर्षानुवर्षे चुलीपासून सुटका नव्हती, त्या घरच्या बाईला आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळी मिळाली ती याच दुकानांमुळे, हेही खरे. तेव्हा शोक करणाऱ्याच्या भावनेस आम्ही खोटे म्हणत नाही. ती भावना ज्याच्या स्वाधीन केली गेली आहे, त्याच्याविषयी आमचे म्हणणे आहे.

आणि म्हणणे आणखी एक आहे. ते कंपन्यांविषयी नाही, आपल्याविषयी आहे. त्या दिवशी बाजव्यास आरती आटोपून मंडळी पांगल्यावर आम्ही मावशीजवळ बसलो होतो. बोलता बोलता पातोळ्यांचा विषय निघाला. भिजवलेल्या तांदळाचे पीठ हळदीच्या पानावर पसरायचे, त्यावर ओले खोबरे आणि गूळ यांचे चूण घालायचे, पान दुमडायचे आणि उकडायचे. वाफेबरोबर पानाचा वास साऱ्या घरात भरतो. गोव्याच्या घरी नागपंचमीस त्या चुकत नसत. येथे त्या शेवटच्या केव्हा केल्या, असे आम्ही विचारले. मावशीने बोटे मोजली आणि मग मोजणे सोडून दिले. "हळदीची पाने येथे कोठे मिळायची?" ती म्हणाली. थोड्या वेळाने तिनेच पुढे सांगितले, की एका वर्षी केळीच्या पानावर करून पाहिल्या, मुलांनी खाल्ल्या नाहीत, आणि मग राहूनच गेले. खतखते होते, कारण ते सणाचे आहे. मणगणे आता कोणी मागत नाही. तिच्या सुनेला यांतले एकही येत नाही आणि सुनेने कधी विचारलेही नाही.

हिशेब केला तर त्या घराच्या फलकावरूनही दहा-पंधरा पदार्थ गेलेले निघतील. खपत नाही म्हणून काढला, सामान मिळत नाही म्हणून काढला, करणाऱ्या हातास वेळ नाही म्हणून काढला. कारणे कंपनीचीच, शब्दसुद्धा बदलण्याची गरज नाही. फरक एवढाच, की कंपनीने पदार्थ काढला त्या दिवशी हजारो लोक हळहळले; पातोळी गेली ती कोणास न कळता गेली, तिच्यासाठी कोणी चार ओळीही लिहिल्या नाहीत. आणि तरी पातोळीची कृती कुलपात नव्हती. ती मावशीच्या हातात होती, अजून आहे. करुण आणि विप्रलंभ यांतला भेद आम्ही वर सांगितला. पातोळीच्या बाबतीत आशा तुटलेली नाही, आणि ती पुरी करण्यासाठी कोणत्याही कंपनीची संमती लागत नाही. म्हणूनच त्या बाबतीत शोक करीत बसण्याची सबब आपल्यापाशी नाही.

नैवेद्याच्या ताटात काय असावे हे देवाच्या आवडीनिवडीवर ठरत नाही, ते आपल्या सातत्यावर ठरते. पुरीच्या जगन्नाथाचा महाप्रसाद आजही मातीच्या मडक्यांतून शिजतो आणि त्यात बटाटा-टोमॅटो घालीत नाहीत. तेथे खपाचा हिशेब कोणी मांडला असता तर तो केव्हाच पालटला असता. घरात इतके कडक व्रत कोणास साधणार नाही आणि साधावे असेही नाही. मुले कंपनीच्या दुकानात जातील, तेथले काही त्यांना आवडेल, ते कधी तरी बंद होईल आणि त्यांना वाईट वाटेल. त्या वाईट वाटण्याबरोबर, हातात धरून ठेवता येईल अशी एखादी चव त्यांच्यापाशी असावी, एवढीच आमची इच्छा आहे.

या वर्षी मृगाच्या आधी आमचे पुन्हा बाजव्यास जाणे झाले. मावशीच्या अंगणात तुळशीशेजारी दोन नव्या कुंड्या दिसल्या. त्यांत काय लावले आहे, असे विचारता मुलानेच उत्तर दिले: मंगळवारच्या बाजारातून हळदीचे ओले कंद आणून त्याने ते लावले होते. "किती दिवसांनी पाने येतील?" त्याने मावशीला विचारले. "श्रावणांत," ती म्हणाली, "पूण उदक चड घालूं नाका."